छान काढा, दुसरं काय तरी घाला

मामेभावाच्या पोरानं गेल्या सुगीत तांदूळ स्वतःच विकायचं ठरवलं. व्यापाऱ्याला पोती घालायची नाहीत, पाच-दहा किलोच्या पिशव्या करायच्या आणि बेळगावात टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर भागात घरोघर पोचवायच्या. येळ्ळूरच्या शिवारातला इंद्रायणी, आणि त्याच्या पणजोबांच्या वेळेपासून एका तुकड्यात टिकवून ठेवलेला तो जुना बासमती. पिशवीवर छापायचा मजकूर त्यानं मला व्हॉट्सॲपवर पाठवला. 'आमच्या शेतातला खूप छान तांदूळ', आणि खाली फोन नंबर. मी वाचून संपवते तोवर त्याचा फोनच आला. "आत्या, सगळं बरोबर हाय, तेवढं छान काढा आणि दुसरं काय तरी घाला की. वजनदार." मी म्हटलं, छानला काय झालं? तर म्हणतो, "छान तर सगळेच म्हणत्यात. छान वाचून कोण थांबतंय?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तेच मला लागून राहिलं.

त्या संध्याकाळी मी घरच्या ग्रुपवर नुसती वर वर सरकत गेले. बारशाचा फोटो, खाली छान. कुणाची तरी धारवाडला बदली, छान. राकसकोपचं धरण भरलं त्याचा व्हिडिओ, छान. चुलतभावानं स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे टाकला होता, त्यालाही एकीनं छान लिहिलं होतं, बहुधा न बघताच. छान हा शब्द आता बसस्टँडवरच्या बाकड्यासारखा झालाय. कुणीही टेकावं, कुणीही उठून जावं. आणि ज्याला खरोखर मनापासून काही म्हणायचं असतं त्याच्या हाताशी उरतं ते फक्त 'खूप'. खूप छान. खूपच छान. खूप खूप छान, पुढं तीन उद्गारचिन्हं. शब्द तोच, आवाज तेवढा मोठा. तरी छानवर माझा राग नाही. घाईतल्या माणसाला कुणाला न दुखावणारा एक सोपा शब्द लागतो आणि तो हाच आहे. पण घाम गाळून पिकवलेला तांदूळ विकायला निघालेल्या पोराला तो पुरणार नव्हता, हेही तितकंच खरं.

मग आमचं फोनवर सुरू झालं. मी एकेक शब्द पुढं करायचा आणि त्यानं तो परत पाठवायचा. उत्कृष्ट? "पंचायतीच्या दाखल्यावर असतंय तसं वाटतंय." दर्जेदार? "ते रंगाच्या डब्यावर असतंय." अप्रतिम? "ते नाटकाला म्हणत्यात आत्या, तांदळाला न्हवं." नामी म्हटलं तर त्याला एकदम नामचीन गुंड आठवला. सर्वोत्तम तर त्यानं ऐकूनसुद्धा घेतला नाही. मला आधी वाटलं, पोरगा उगीच चोखंदळपणा करतोय. पण त्याचा कान पक्का होता. त्याला ज्या शब्दात तांदूळ दिसत नव्हता तो शब्द नको होता. त्यात आणखी एक भानगड. बासमती हे नाव मोठ्या अक्षरात छापू नको असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, कारण २०१६ साली बासमतीला भौगोलिक मानांकन मिळालं ते पंजाब, हरियाणा, उत्तराखंड वगैरे उत्तरेकडच्या भागांपुरतं. बेळगावचा बासमती त्या नकाशात बसत नाही. (नकाशाच्या कडेला राहायची आम्हाला सवय आहे, म्हणून हे ऐकून कुणालाच फार धक्का बसला नाही.) गंमत अशी की बासमती हा शब्दच मुळात विशेषण, बास म्हणजे वास असलेली. म्हणजे या तांदळाचं जे एकमेव नेमकं विशेषण होतं तेच नाव होऊन बसलं, आणि आता ते नावही बेतानं वापरायचं. उरलेला सगळा भार मग त्या एका रिकाम्या जागेवर आला, जिथून छान काढायचं होतं.

शाळेत आम्हाला ही रिकामी जागा भरायला शिकवलं होतं. व्याकरणाच्या वहीत उजव्या पानावर समानार्थी शब्द लिहायचे. सुंदर म्हणजे रम्य, रमणीय, मनोहर, सुरेख, देखणे, छान. पाठ करायचे, परीक्षेत एकाला दोन लिहायचे. आमच्या वर्गात वडगावकडचा एक मुलगा होता. पहाटे दुधाचे रतीब घालून मग शाळेत यायचा, त्यामुळे त्याच्या दप्तराला कायम दुधाचा वास. 'माझा आवडता प्राणी' या निबंधात त्यानं लिहिलं, 'आमची म्हैस रमणीय आहे.' बाईंनी वाचून दाखवलं आणि वर्ग फुटला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्याला उभं करून म्हणाल्या, "म्हैस कशी हाय तुझी, तोंडानं सांग बघू." तो फरशीकडं बघत सांगायला लागला. गरीब हाय. लाथ मारत न्हाई. काळीभोर, शिंगं मागं वळल्याली. हात लावला की पान्हा सोडती. दूध दाट, आणि साय एवढी येती, म्हणून त्यानं दोन बोटं एकावर एक ठेवून दाखवली. वर्गातलं हसू कधी थांबलं ते कळलं नाही, कारण आता सगळ्यांना ती म्हैस दिसत होती. गरीब, हे जनावराला लावायचं केवढं नेमकं विशेषण. अंगानं एवढं थोराड जनावर आणि स्वभावानं गरीब. बाई म्हणाल्या, "मग हेच लिही की." त्यावर तो जे बोलला ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. "हे कसं लिव्हायचं बाई? हे तर आम्ही बोलतोय."

हे तर आम्ही बोलतोय. म्हणजे लिहायचं ते दुसरं.

समानार्थी शब्दांच्या त्या याद्यांवर माझा विश्वास तेव्हापासून थोडा डळमळीतच आहे. शब्दकोश उघडून बघितला की तो आणखी डळमळतो. मोल्सवर्थचा कोश पहिल्यांदा १८३१ साली आला, मग १८५७ मध्ये वाढवलेली आवृत्ती. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत. यांत चांगलं या अर्थाचे शब्द शोधायला बसलं की लक्षात येतं, प्रत्येक जण वेगळ्या गावाहून वेगळं काम करून आलाय. सुरेखमध्ये रेखा आहे; तो ओढलेल्या रेषेचा शब्द. रांगोळीला, अक्षराला, नाकाच्या ठेवणीला तो शोभतो, भाताला कसा शोभेल? सुबक हा फारसी, मूळ अर्थ हलका. म्हणून मूर्तीचं बोट सुबक असतं, जातं सुबक नसतं. मस्त म्हणजे धुंद, माजलेला. हत्ती मस्त व्हायचा आणि माणसं पळायची. आता तोच मस्त चहाला लागतो आणि कुणी पळत नाही. बेस तर माझा लाडका. आमच्याकडं सगळ्यांना वाटतं की तो इंग्रजीतल्या बेस्टचा तुकडा पडून झालाय. तसं नाही. फारसीत बेश म्हणजे जास्त, कमीबेश मधला बेश. इंग्रज बेळगावात छावणी घालायच्या कितीतरी आधीपासून लोक एकमेकांना 'बेस झालं' म्हणत असणार. याद्या करणाऱ्यानं या सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि मध्ये बरोबरचं चिन्ह घातलं. आणि मग त्या पोराला म्हैस रमणीय करावी लागली.

मराठीची खरी श्रीमंती मला विचाराल तर या भारदस्त शब्दांत नाहीच. ती आहे त्या 'ईत'वाल्या गोतावळ्यात. खुसखुशीत, लुसलुशीत, टवटवीत, झणझणीत, फडफडीत, झुळझुळीत, घसघशीत. यांतला एकही शब्द नुसतं चांगलं आहे एवढ्यावर थांबत नाही. दाताखाली काय वाजतं, बोटाला काय लागतं, कानाला काय ऐकू येतं ते सांगून मोकळा होतो. करंजी खुसखुशीत म्हटली की तिला सुंदर म्हणायची गरजच संपली. आणि हे शब्द अदलाबदल करून चालत नाहीत. भाकरी खुसखुशीत झाली तर काहीतरी बिघडलं, करंजी लुसलुशीत झाली तर ती आणखीच बिघडली. पगारवाढ घसघशीत असते. सूट झणझणीत नसते. पोरांना व्याकरण शिकवायचं तर इथून सुरू करावं असं मला फार वाटतं, पण माझं कोण ऐकतंय.

ज्यांचे हात कामात असतात त्यांच्याकडं विशेषणं कमी आणि पारखण्याच्या जागा जास्त असतात, हेही मी इथंच बघितलंय. कुंदा करणारा माणूस कुंद्याला छान म्हणत नाही. तो चिमूट उचलतो, अंगठा आणि बोटामध्ये फिरवतो आणि म्हणतो, रवाळ आलाय. नाहीतर म्हणतो, जरा ओला राहिला. एवढंच. दूध आटवून आटवून तो तांबूस रंग आणायला किती वेळ उभं राहावं लागलं याबद्दल त्याला काही म्हणायचं नसतं. मांडे करणारी बाई उपड्या कढईवर मांडा टाकते, आत पिठीसाखर, आणि गरम असतानाच घडी घालते, कारण क्षणभर उशीर झाला तर तो कडक होऊन मोडतो. तिच्या तोंडी मी तलम हा शब्द ऐकलाय. तलम, जो आमच्या शहापूर-खासबागेत लुगड्याला लावायचा शब्द. हातमागाच्या गल्लीत राहणारीच्या तोंडून तो सरळ चुलीवर गेला होता आणि तिथं काय फिट बसला होता! आणि आमच्या शेजारी धारवाडकडच्या एक अज्जी होत्या, कन्नड बोलणाऱ्या, कशिद्यात मुरलेल्या. कुणी पोरगी कसुतीचा नमुना घेऊन आली की अज्जी पुढची बाजू बघतच नसत. कापड पटकन उलटं करायच्या. गवंती टाक्यात पाठ आणि पोट सारखंच दिसायला हवं, गाठ कुठं लागता कामा नये. मागून अंगठा फिरवत त्या म्हणायच्या, "येरडू बाजू ओंदे." दोन्ही बाजू एकच. पोरगी घरी जाऊन आठवडाभर हवेत. याच्यापुढं अतिसुंदर वगैरे काय टिकणार?

अज्जींवरून कन्नड आठवलं. पिशवीवर कन्नड ओळही हवी होती, नाहीतर अर्धं बेळगाव गिऱ्हाईक म्हणून हातचं जाईल. ती पोरानं बैलहोंगलच्या मित्राकडून घेतली आणि मित्रानं ती चहा संपायच्या आत दिली. "भाळ चलो अक्की. घमघम अंतैती." लई चांगला तांदूळ, घमघमतोय. झालं. उत्तर कर्नाटकातलं हे चलो, म्हणजे चांगलं, बाहेरून आलेल्या हिंदीवाल्यांचा कायम घोटाळा करतं. हॉटेलात वेटर म्हणतो, गिरमिट भाळ चलो ऐती, आणि पाहुणा खुर्ची मागं सारून उठायला बघतो. पण मला खुपलं ते वेगळंच. कन्नड ओळ बोलल्यासारखी आली आणि कुणी तिला हटकलं नाही. मराठी ओळीवर मात्र आम्ही दोघं घासत बसलो होतो. आणि घमघम तर आमचाही. सणाच्या दिवशी गल्लीत शिरलं की घमघमतंय असं इथली मराठी बाई म्हणते आणि घमघम अंतैती असं पलीकडची. वास एकच, आवाजही एकच. मरे एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं भारतातल्या भाषांची कुळं वेगळी असली तरी त्या शेजारानं एकमेकींसारख्या होत गेल्या, हा सगळा मिळून एक भाषिक प्रदेश आहे, असं मांडलं. पुढं १९६९ मध्ये त्यानं या घमघम-झणझण जातीच्या शब्दांवर वेगळा लेखही लिहिला. त्याचा आधीचा, गाजलेला लेख आला तो १९५६ साली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भाषावार राज्यं झाली आणि आमचा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. एकाच वर्षी एकानं रेघ मारली आणि दुसरा कागदावर सांगत होता की अशी रेघ भाषेत सापडत नाही. दोघांनाही एकमेकांची खबर नसणार.

पण रेघेचा परिणाम झालाच, आणि तो असा झाला की आमचं मराठी दोन कपाटांत विभागलं गेलं. एक घरातलं, दुसरं बाहेर घालायचं. बाहेरचं मराठी आम्ही फार जपून नेसतो. १९४६ साली इथंच साहित्य संमेलन झालं, माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीनं तिथून जोर धरला. तेव्हापासून मराठी हा आमच्यासाठी नुसता बोलायचा विषय राहिला नाही, तो मांडायचा, सिद्ध करायचा विषय झाला. लहानपणापासून कानावर पडलेली घोषणा बघा. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' घरी येऊन तीच माणसं म्हणणार, "झालंच पायजे की." मोर्चात मात्र 'पाहिजे'. फलकावर 'पाहिजे'. कारण इकडचे म्हणणार तुम्ही कर्नाटकातले, तिकडचे म्हणणार तुमचं मराठी कसंतरीच. मग दोन्हीकडं दाखवायला एक कडक इस्त्रीचं मराठी लागतं. 'मी काम केलो' असं आम्ही बोलतो, कन्नडच्या शेजारानं, आणि लिहिताना हात आपोआप 'मी काम केलं' लिहितो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण व्याकरणाबरोबर विशेषणंही त्याच कपाटात कुलूपबंद झाली. बेस, लई, भारी, गिच्च, आसट, गुरगुट्या, हे सगळे शब्द जिभेवर, आणि कागदावर उत्कृष्ट.

पुण्याला गेलं की लोक म्हणतात, "तुमचं बेळगावी मराठी किती गोड!" यात वाईट काही नाही, प्रेमानंच म्हणतात. तरी दर वेळी माझ्या आत काहीतरी आकसतं. गोड हे विशेषण आपण कुणाला लावतो? लहान मुलाला, बोबड्या बोलाला. कोर्टात वकिलाचं मराठी गोड होतं असं कुणी म्हणत नाही. आणि तरीही, खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी भाचीच्या सासरी मी मुद्दाम दोन 'की' जास्तच घातले. "बसा की. घ्या की." लोक खूश झाले. मीही झाले.

शेवटी एका रविवारी मी येळ्ळूरला गेले. मामी सोप्यात सूप घेऊन बसली होती, पाखडत. वय झालंय, पण सुपाचा ताल तोच. मी तिला विचारलं, मामी, तुमचा तांदूळ कसा आहे? तिनं मान वर न करता सांगितलं, "कसा म्हंजे? तांदूळ हाय की." मग सूप थांबलं आणि ती सुटली. इंद्रायणी आसट करायचा, पोरांना, वर तूप. नवा हाय तवर पाणी बेतानं, न्हाईतर गिच्च गोळा हुतोय. जुन्या बासमतीची पेज करू नये, त्यो वासाचा अपमान. त्यो मोकळा करायचा, झाकण जरा तिरकं ठेवून. आणि मग हसली, दात नसलेलं हसू. "त्यो शिजाया लागला न्हवं, की शेजारीण दारात येती आणि इच्चारती, आज कोण पावणं आल्यात गं?" मी पोराकडं बघितलं, पोरानं माझ्याकडं. सबंध पंधरवडा फोनवर जे शोधत होतो ते ओसरीत सूप घेऊन बसलं होतं, आणि त्यात विशेषण एकही नव्हतं.

तरी वाद झालाच. पोराचं म्हणणं, ओळ फक्कड हाय पण 'इच्चारती' छापायचं नाही. पुण्याचे हसतील. मी म्हटलं, पुण्याला विकणार आहेस? "उद्या विकला तर?" यावर मला उत्तर नव्हतं. शेवटी 'शेजारीण विचारते' यावर तडजोड झाली, त्याखाली 'नवा तांदूळ, पाणी बेतानं', आणि मामीच्या मानासाठी एका कोपऱ्यात, मी हट्टानं, 'लई बेस' एवढे दोन शब्द. पहिला नमुना छापून आला तेव्हा कोपऱ्यात होतं, 'लई बेस्ट'. डीटीपी करणाऱ्या मुलाला वाटलं, ट राहून गेला, म्हणून त्यानं उपकार म्हणून तो घातला होता. मी फारसी बेशपासून सुरुवात करून पोराला सगळा इतिहास ऐकवला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे की आत्या. पोरांना आवडतंय." पिशव्या गेल्या. तांदूळही गेला, बासमतीचा तर संक्रांतीआधीच.

या सगळ्यात एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्याकडं उघड कौतुक करायचं एक भय असतं, दृष्टीचं. बाळ गोजिरं आहे असं म्हणून झालं की लगेच गालावर काजळाची तीट. त्यामुळं कौतुक कितीतरी वेळा उलट्या कपड्यात येतं. गल्लीतल्या गणपतीत एखादा मुलगा सुरेल गायला की बायका म्हणणार, "मेल्यानं काय गळा दिलाय!" कॉलेजची पोरं तर खतरनाक, बेकार, वाईट असे सगळे शिव्यांचे शब्द चांगल्याला लावून मोकळी झाली आहेत, क्रिकेटमध्ये 'वाईट हाणलाय' म्हणजे चेंडू बघायला वर मान करायची. आणि माझी आजी, वडिलांची आई, हिच्या शब्दकोशात कौतुकाचा सगळ्यात वरचा शब्द होता 'बरं'. पुरणपोळी बरी झाली. सून बरी हाय. माझा मॅट्रिकचा निकाल बघून म्हणाली, बरं झालं. पुण्याच्या आत्यानं त्याच निकालाला अप्रतिम म्हटलं होतं, ते माझ्या लक्षातही राहिलं नसतं. पण आजीच्या 'बरं'साठी आई वर्षानुवर्षं थांबली होती आणि ते तिला फार थोड्या वेळा मिळालं. दरवेळी ती ते आम्हा मुलींना येऊन सांगायची, आवाज खाली करून, कुणी काढून घेईल म्हणून. कंजूषपणाच म्हणायचा तो, आणि मला तो आवडत नाही. एवढ्याशा शब्दासाठी एका बाईला इतकं ताटकळत ठेवणं बरोबर नव्हतं. तरीही 'बरं'ला तेवढं वजन आलं ते त्याच कंजूषपणातून, हे कसं नाकारू?

अप्पा, माझे वडील, याच आजीचे चिरंजीव. छान, मस्त असले शब्द त्यांना पटत नाहीत. विचारतात, म्हणजे नेमकं काय? मध्यंतरी त्यांच्या छातीच्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट आले त्या दिवशी मी खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि डॉक्टरांनी कागद बाजूला सारून म्हटलं, "छान आहे सगळं." त्या क्षणी मला रवाळ नको होतं, तलम नको होतं, बेस नको होतं, बाकड्यावर टेकतात तसं मी त्या एका शब्दावर टेकले. अप्पा मात्र हलले नाहीत. "छान म्हंजे किती छान?" डॉक्टर हुबळीकडचे, हसून म्हणाले, "छान म्हंजे जिना चढून जावा, लिफ्ट नको." अप्पांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि विचारलं, "दोन मजले का तीन?" डॉक्टरांनी पुन्हा एकदा कागद जवळ ओढला, नीट बघितला आणि म्हणाले, "तीन." आमचं घर तळमजल्यावर आहे, पण हे ऐकून घेतल्याशिवाय अप्पा खुर्चीवरून उठले नाहीत.